‘पेपर वाचता येतो, मग भांडं कसं दिसत नाही?’

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. त्यांचे यजमान ६१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, थेंब नियमित चालू आहेत. डॉक्टर दर वेळी सांगतात, ‘डोळ्याचं प्रेशर आटोक्यात आहे, नजर ६/९ आहे’, म्हणजे तक्त्यावरची अक्षरं जवळजवळ सगळी वाचता येतात. चष्मा लावून ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण गेल्या वर्षभरात माणूस पार बदलला. संध्याकाळी पारावर जाणं बंद, भजनी मंडळ सुटलं. ओळखीचं कोणी शेजारून गेलं तरी बोलत नाहीत, त्यामुळे गुरुजींना शिष्टपणा आला असं लोक म्हणू लागलेत. जेवताना पाण्याचं भांडं हमखास लवंडतं. मुलगा म्हणतो, ‘पेपर वाचता येतो, मग भांडं कसं दिसत नाही? बाबांचं लक्षच नसतं.’ दूध-भाजी आणायची स्कूटर मात्र सोडत नाहीत, आणि मध्यंतरी बाजूने आलेल्या एका सायकलवाल्याला धक्का लागला. मार्गशीर्षात लेकीचं लग्न आहे. परवा ते म्हणाले, ‘कन्यादान धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला करू दे, मी मागे बसतो.’ वाचक भगिनी विचारतात: यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं, की चार शब्द सुनावून बाहेर काढावं? आणि स्कूटरची किल्ली लपवावी का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या ‘नजर ६/९ आहे’ या वाक्यापाशी मी थांबले. तुमच्या घरातल्या सगळ्यांची समजूत या एका आकड्यावर उभी आहे. नजर चांगली, म्हणजे दिसतं. दिसतं, तरी भांडं लवंडतं, म्हणजे लक्ष नाही. लक्ष नाही, म्हणजे मन उडालंय. एकातून एक निघत गेलेल्या या गोष्टींतली पहिलीच मला तपासून घ्यावीशी वाटते.

भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचताना डोळ्याच्या अगदी मधल्या, लहानशा भागाची परीक्षा होते. पण नाकासमोर बघत असतानाही एका डोळ्याला कानाच्या बाजूला साधारण ९० अंशांपर्यंत, नाकाच्या आणि कपाळाच्या बाजूला ६० अंशांपर्यंत आणि खाली ७० अंशांपर्यंत दिसत असतं. या सगळ्या पसाऱ्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. दवाखान्यात सगळे ‘फील्ड’च म्हणतात. पेपरातला शब्द वाचायला त्यातले दोन-चार अंश पुरतात. रस्ता ओलांडायला, जिना उतरायला, पंगतीत वाढायला, गर्दीतून वाट काढायला लागतं ते उरलेलं सगळं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मरतात, आणि बहुतेकदा आधी कडेकडेचं जातं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. त्यामुळे अग्रलेख वाचणाऱ्या माणसाला हाताशेजारचं भांडं न दिसणं यात कसलीही विसंगती नाही. तुमच्या मुलाला हे नक्की सांगा.

तो विचारेल, ‘मग बाबांना तिथे काळं दिसतं का? तसं ते कधी बोलले नाहीत.’ बोलणार नाहीत, कारण काळं दिसतच नाही. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी काचबिंदूच्या ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून तुम्हाला यातलं कशासारखं दिसतं असं विचारलं. माहितीपत्रकांत हमखास छापलेलं असतं ते काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. बहुतेकांनी काही भाग पुसट झालेलं किंवा काही वस्तू गायब असलेलं चित्र निवडलं. जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना तर आपल्या दृष्टीत काही कमी आहे हेच जाणवत नव्हतं. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूच्या रंगाने इतकं सफाईदार रफू करतो की भोक पडलंय याचा पत्ताच लागत नाही.

यावर विश्वास बसायला कठीण जातं, म्हणून घरातल्या प्रत्येकाने आज रात्री एक गोष्ट करून बघा. पांढऱ्या कागदावर डाव्या बाजूला बेरजेचं चिन्ह काढा आणि त्याच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा हाताने झाका. कागद फूटभर अंतरावर धरून उजव्या डोळ्याने फक्त बेरजेच्या चिन्हाकडे बघत राहा आणि कागद अगदी सावकाश पुढे-मागे करा. एका ठरावीक अंतरावर ठिपका नाहीसा होतो. त्या जागी काळं दिसत नाही, भोक दिसत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो. प्रत्येकाच्या डोळ्यात अशी एक आंधळी जागा जन्मापासून असते, कारण तिथूनच नस बाहेर पडते. तुमच्या मुलाला तो ठिपका जसा गायब झालेला दिसेल, तसंच त्याच्या वडिलांचं पाण्याचं भांडं गायब होत असणार. पारावरचा मित्र आणि रस्त्यावरचा सायकलवालाही तसाच. मग ते अचानक, अंगावर आल्यासारखे प्रकट होतात.

अशा जगात वावरणारा माणूस हळूहळू काय करेल? जिथे दचकावं लागतं तिथे जाणं टाळेल. अमेरिकेतल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने नजरेचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. जगभर ती वापरतात. तिच्यात नुसतं ‘किती दिसतं’ असं विचारलेलं नाही. चालताना बाजूच्या वस्तू लक्षात यायला त्रास होतो का? कमी उजेडात पायऱ्या उतरताना? आपण बोलतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते दिसतं का? नजरेमुळे तुम्ही बराच वेळ घरीच बसता का? आपल्या हातून असं काही होईल की आपल्याला किंवा दुसऱ्याला ओशाळं वाटेल, याची काळजी वाटते का? शेवटचे दोन प्रश्न पुन्हा वाचा, ताई. तुमच्या पत्रातली पारावर न जाण्याची, भजन सुटल्याची, मागे बसण्याची हकीकत त्यांतच आली आहे.

हीच प्रश्नावली लॉस एंजेलिसमधल्या चाळिशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लॅटिनो रहिवाशांच्या एका मोठ्या पाहणीत वापरली होती. फील्ड जितकं जास्त गेलेलं, तितके जगण्याच्या गुणवत्तेचे गुण कमी, असं त्यात दिसलं. काचबिंदू असलेल्यांना सगळ्यात जास्त अडचण वाहन चालवताना आणि कडेच्या नजरेवर अवलंबून असलेल्या कामांत येत होती. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की ज्यांना आपल्याला काचबिंदू आहे हेच तोवर माहीत नव्हतं, त्यांचेही गुण कमी होते. म्हणजे जगणं आकसायला लागतं ते कारण कळण्याच्या आधीपासून. ‘मला दिसत नाही म्हणून मी जात नाही’ असं गुरुजी म्हणत नाहीत, याचा अर्थ ते लपवतायत असाच नाही. कदाचित त्यांनाच ते नीट उमगलेलं नसेल. त्यांना एवढंच कळत असेल की बाहेर गेलं की जीव दमतो आणि फजिती होते.

आता कन्यादानाचं. ही गोष्ट तुमच्या मनाला सर्वांत लागली आहे. पण मांडवात काय काय असतं ते जरा आठवून बघा. पाट जमिनीवर. कलश, तांब्या, ताम्हण, तांदळाच्या राशी, समया, सगळं जमिनीवर. शेजारी होम पेटलेला. अंगावर सोवळं, समोर व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा, भोवती नातेवाइकांची दाटी, आणि गुरुजी हे घ्या, गुरुजी ते सोडा अशी भटजींची घाई. ज्याचं खालच्या बाजूचं फील्ड गेलं आहे त्याच्यासाठी याहून अवघड जागा घरात दुसरी नाही. पाण्याचं भांडं वारंवार लवंडतं यावरून मला शंका येते की त्यांचं खालचंच गेलं असावं. खालचं फील्ड गेलेल्या काचबिंदूच्या रुग्णांत पडण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही अभ्यासांत दिसलेलं आहे. लेकीच्या लग्नात सगळ्यांदेखत कलशाला पाय लागला तर, या भीतीने एखादा बाप मागे बसायला तयार होईल. हा माझा अंदाज आहे, ताई, निदान नव्हे. खरं काय ते त्यांनाच माहीत. पण ‘तुम्हाला लेकीचं काहीच वाटत नाही का’ असं विचारण्याऐवजी ‘मांडवात तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते’ असं विचारून बघा. दोघंच असताना, शांतपणे. उत्तर लगेच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

त्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी मारा, आणि या वेळी तुम्ही बरोबर जा. फील्ड टेस्टचे आजवरचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. ‘नजर कशी आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ६/९ असंच येणार. विचारा की दोन्ही डोळे मिळून यांना कुठे दिसत नाही: वर, खाली, डावीकडे की उजवीकडे? नेहमीची टेस्ट एकेका डोळ्याची होते, बहुधा ५४ जागी प्रकाशाचे ठिपके दाखवून. पण माणूस वावरतो दोन्ही डोळ्यांनी. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि दोघांचं एकच ठिकाण गेलं असेल तिथे खरा घोटाळा होतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून १२० जागा तपासणारी एस्टरमन नावाची टेस्टही अनेक फील्ड मशीनवर करता येते, तिची चौकशी करा. टेस्टला बसताना गुरुजींना एवढं सांगून ठेवा की मशीन मुद्दाम दिसेल-न दिसेल इतके अंधूक ठिपके दाखवतं. निरोगी माणसालाही त्यातले बरेच दिसत नाहीत. नापास झाल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही. शिक्षकाला हे आवर्जून सांगावं लागतं.

थेंबांची नावंही लिहून न्या. टिमोलॉल असेल तर त्याने काहींना थकवा येतो, नाडी मंद होते, दमा असेल तर त्रास वाढतो. काहींना उदास वाटल्याचीही नोंद आहे. ब्रिमोनिडीनने झोपाळल्यासारखं होतं, तोंड कोरडं पडतं. मरगळ कधी सुरू झाली आणि थेंब कधी बदलले, याची सांगड बसते का ते डॉक्टरांना बघू द्या. आपल्या मनाने मात्र एक दिवसही थेंब बंद करू नका, कारण गेलेलं फील्ड परत येत नाही. थेंब आहेत ते उरलेलं राखण्यासाठी. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरला तर औषध शरीरात कमी उतरतं, आणि दुसरं औषध पाच मिनिटं थांबून टाकायचं.

स्कूटरबाबत मी गुळमुळीत बोलणार नाही. सायकलवाल्याला धक्का लागला आहे. दोन्ही डोळ्यांच्या फील्डचा निकाल हाती येऊन डॉक्टर स्पष्ट ‘चालवा’ म्हणेपर्यंत स्कूटर जागेवरच उभी राहिली पाहिजे. ब्रिटनमध्ये साधी मोटार चालवायलाही दोन्ही डोळे मिळून आडवं किमान १२० अंशांचं फील्ड लागतं, एवढी ती गोष्ट गंभीर मानतात. पण किल्ली लपवू नका. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाकडून किल्ली लपवणं म्हणजे त्याला पोर ठरवणं. समोर बसून सांगा, ‘डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत स्कूटर नको. तुमच्यासाठी, आणि त्या सायकलवाल्यासारख्या माणसांसाठीही.’ आणि हे बोलण्याआधी मंडईला जायची दुसरी सोय लावून ठेवा: ठरलेला रिक्षावाला, सकाळी त्या बाजूला जाणारा शेजारी, जे जमेल ते. स्कूटरवरून ते दूध आणि भाजी आणत होते, आणि घरात आपला उपयोग आहे हेही त्यातूनच त्यांना दिसत होतं. भाजी त्यांनीच निवडून आणायची हा रिवाज मोडू नका, फक्त जाण्याचं वाहन बदला.

घरात थोडे बदल पुष्कळ काम करतात. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट उघडं दार आणि कपाटाची बाहेर आलेली फळी सगळ्यात वाईट. चपला, बादली, पाट वाटेतून हलवा. उंबऱ्याला आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक पिवळी पट्टी लावा. फिकट फरशीवर किंवा पांढऱ्या टेबलावर स्टीलचं भांडं मिसळून जातं, तिथे गडद रंगाचा ग्लास द्या आणि तो रोज एकाच जागी ठेवा. उजेडातून अंधारात गेल्यावर त्यांची नजर सरावायला वेळ लागत असेल, तेव्हा बोळातला आणि मोरीपाशी जाणाऱ्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू राहू द्या. दिवाळीत उंबऱ्याशी ठेवायच्या पणत्या भिंतीवर किंवा कट्ट्यावर सरकवा. आणि एक गोष्ट फार कोणी सांगत नाही: जवळचं-लांबचं एकत्र असलेल्या चष्म्यात खालच्या भागातून जमीन पुसट दिसते. ज्याचं खालचं फील्ड आधीच गेलं आहे त्याने चालण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

त्यांनाही एक सवय शिकता येईल. कडेचं आपोआप दिसत नाही, तर मुद्दाम बघायचं: खोलीत शिरताना क्षणभर थांबून मान फिरवत डावीकडून उजवीकडे, मग पायाकडे. अशी सवय लावणारं, काठीचा वापर शिकवणारं प्रशिक्षण मिळतं. १९५२ पासून काम करणाऱ्या नॅबकडे, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे, त्याची चौकशी करा. ‘पण हे आंधळे कुठे आहेत’ असं घरात कोणी म्हणेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या केवळ तक्त्यावरून केलेली नाही. फील्ड ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत उरलं असेल तर माणूस अल्पदृष्टीत मोडतो, आणि १० अंशांच्याही आत गेलं तर अंधत्वात, मग तक्त्यावर तो काहीही वाचो. तेव्हा डॉक्टरांना ‘हे त्यात बसतात का’ हे विचारायला संकोच नको. सरकारी वैद्यकीय मंडळाकडून दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळालं तर एसटीच्या भाड्यासारख्या सवलती मिळतात, आणि बाहेर लोकांना समजावत बसावं लागत नाही.

पारावरच्या मंडळींशी तुम्ही किंवा मुलाने बोलावं, गुरुजींची परवानगी घेऊन. एवढंच सांगायचं: ‘त्यांना बाजूचं दिसत नाही. समोर येऊन नाव सांगा.’ ‘गुरुजी, मी कुलकर्णी’ एवढं म्हणायला काय लागतं? भजनी मंडळात त्यांना भिंतीकडेची, ठरलेली जागा मिळाली, आणि रात्री कोणी घरापर्यंत सोडायला आलं, तर ते परततील असं मला वाटतं. अभंग तर त्यांना पाठच असणार.

मानसोपचारतज्ज्ञाचा प्रश्न मी बाजूला टाकत नाही. काचबिंदूच्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, आणि डोळ्याचं कारण सापडलं म्हणून मनाचं दुखणं खोटं ठरत नाही. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘आता माझा काय उपयोग’ अशी भाषा वारंवार येत असेल, तर डोळ्यांच्या तपासणीची वाट न बघता मदत घ्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. खडसावण्याचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. त्याने ते बाहेर येतील, पण धडपडायला.

तुमच्यासारखी पत्रं अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्यांच्या घरांतूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. झटक्यानंतर काहींचं दोन्ही डोळ्यांचं एकाच बाजूचं अर्धं फील्ड जातं. डावं गेलं असेल तर पानाच्या डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते आणि वाढणाऱ्या सुनेला वाटतं, सासऱ्यांना माझ्या हातचं आवडत नाही. पान फिरवून द्या, सगळं संपतं की नाही बघा, आणि तेही डॉक्टरांना सांगा.

लग्नाला अजून अवकाश आहे. गुरुजींना कन्यादान करायचंच नसेल तर त्यांच्या शब्दाला मान द्या. पण करायचं असून भीती आडवी येत असेल तर व्यवस्था बदला. मांडवातले विधी चौरंगावर मांडता येतात, पाटांऐवजी खुर्च्या चालतात, पुष्कळ घरांत गुडघ्यांसाठी हल्ली हे करतातच. आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये त्यांना दोन-तीन वेळा चालवून आणा, पायऱ्या मोजून घेऊ द्या. भटजींना आधी भेटून सांगा की वस्तू हातात द्यायची, ‘तिथून घ्या’ म्हणायचं नाही. व्हिडिओवाल्याला दिवा थेट तोंडावर मारू देऊ नका. एखादा भाचा दिवसभर त्यांच्या शेजारी ठेवा. भाच्याने त्यांना धरून ओढायचं नाही, त्यांनी भाच्याचा दंड कोपराच्या वर धरून अर्धं पाऊल मागून चालायचं. आणि जेवायला त्यांना बुफेत ताट घेऊन उभं करू नका, बसवून वाढा.

शेवटी एक काम लग्नाच्या गडबडीतही उरकाच. काचबिंदू घराण्यात चालतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना त्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. त्या धाकट्या दिरांनी आणि तुमच्या दोन्ही मुलांनी डोळे तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर काढून परत यायचं नाही: डोळ्याचा दाब मोजायचा, आणि बाहुली मोठी करून नस बघायला सांगायची.